शंका-समाधान : एरर न येता नोंदी चुकल्या कशा?

प्रश्न : रोज सकाळी पुरवठादाराच्या पोर्टलवर लॉगिन करून 60 ऑर्डरचे क्रमांक एकेक करून शोधायचे आणि प्रत्येक ऑर्डरची सद्यस्थिती एक्सेलमध्ये उतरवायची, हे माझे काम आहे. त्यात दीड तास जातो, म्हणून मी एका ऑटोमेशन साधनाच्या रेकॉर्डरने ही सर्व कृती टिपून घेतली. तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी काही ऑर्डरपुढे भलत्याच ऑर्डरची स्थिती आलेली दिसली आणि एररही आली नव्हती. साधन बदलावे, की कोडिंग शिकावे?

उत्तर : साधन बदलून हा दोष जाईल असे वाटत नाही. रेकॉर्डर तुमचे क्लिक आणि टायपिंग टिपतो. परंतु क्लिक केल्यानंतर तुम्ही नकळत जी वाट पाहता आणि स्क्रीनकडे बघून जी खात्री करून घेता, ती त्याला टिपता येत नाही. आजची अनेक पोर्टल शोध घेतल्यावर संपूर्ण पान नव्याने उघडत नाहीत, केवळ निकालाचा भाग बदलतात, आणि नवा निकाल सर्व्हरकडून येईपर्यंत कित्येकदा जुनाच निकाल तेथे दिसत राहतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये शोधानंतर दोन सेकंदांचा विराम असेल आणि त्या सकाळी सर्व्हरने तीन सेकंद घेतले असतील, तर 17व्या ऑर्डरची स्थिती 18व्या ऑर्डरपुढे जाऊन बसते. साधनाला एक मजकूर उचलायचा होता, तो त्याला मिळाला. मग एरर येणार कशाची?

यावर विराम वाढवत नेणे हा उपाय नव्हे. तो दहा सेकंद केला तर 60 ऑर्डरमागे दहा मिनिटे नुसती थांबण्यात जातील आणि एखाद्या दिवशी सर्व्हर अकरा सेकंद घेईलच. त्याऐवजी अट घालावी : निकालात दिसणारा क्रमांक आपण शोधलेल्या क्रमांकाशी जुळेपर्यंत थांबायचे, आणि 30 सेकंदांत तो न जुळल्यास त्या ओळीत ‘तपासावे’ असे लिहून पुढे जायचे. हा क्रमांक निकालाच्या तक्त्यातून वाचावा, शोधाच्या चौकटीतून नव्हे, कारण तेथे तो तुम्हीच टाकलेला असतो आणि त्यामुळे नेहमीच जुळतो. एक्सेलमधील क्रमांकांचा रकानाही ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावा. नाहीतर 00417 चे 417 होते आणि बरोबर आलेला निकालही जुळत नाही.

रेकॉर्डरची दुसरी खोड अशी, की तो काही वेळा ‘तक्त्यातील चौथा रकाना’ अशी खूण लक्षात ठेवतो. पोर्टलने मध्ये एक रकाना वाढवला की तीच खूण स्थितीऐवजी तारीख उचलते. शक्य तेथे रकान्याचे शीर्षक किंवा घटकाचा आयडी (पानाच्या कोडमध्ये त्या घटकाला दिलेले नाव) ही खूण धरावी.

एवढ्यासाठी कोडिंग शिकण्याची गरज नाही. विंडोज 11 सोबत येणाऱ्या पॉवर ऑटोमेटमध्ये अटी, पुनरावृत्ती आणि पानावरील मजकुराची वाट पाहणे, हे सारे कोड न लिहिता मांडता येते. 2004 पासूनचे सेलेनियम किंवा 2020 मध्ये आलेले प्लेराइट या कोड लिहून ब्राउझर चालवण्याच्या साधनांकडे वळलात तर नियंत्रण अधिक मिळेल. प्लेराइट तर बटण दिसेपर्यंत आणि दाबण्याजोगे होईपर्यंत क्लिकच करत नाही. तरीही स्क्रीनवरचा निकाल मागच्या ऑर्डरचा आहे हे त्यालाही आपणच सांगावे लागते.

खरे तर पहिला प्रश्न वेगळाच विचारायला हवा होता : हे 60 शोध घ्यावेच लागतात का? अनेक पोर्टलवर सर्व ऑर्डरची यादी सीएसव्ही किंवा एक्सेल फाइल म्हणून डाउनलोड करण्याची सोय कोपऱ्यातल्या एखाद्या मेनूत असते. ती सापडली, तर एक फाइल उतरवून एक्सेलच्या व्हीलूकअप या सूत्राने क्रमांक जुळवले की काम झाले. ती नसेल, तर पुरवठादाराकडे एपीआयची (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून थेट माहिती घेण्याची) किंवा रोज ईमेलने अहवाल मिळण्याची सोय आहे का, हे विचारावे. क्लिकचे अनुकरण हा मी तरी शेवटचा पर्याय मानतो.

तोच पर्याय उरला, तर पोर्टलच्या अटी स्वयंचलित वापरास परवानगी देतात का, हे आधी पाहावे. पासवर्ड फ्लोमध्ये, म्हणजे साधनात मांडलेल्या कृतींच्या क्रमात, उघडा लिहून ठेवू नये. लॉगिन स्वतः करून पुढचे काम साधनाकडे सोपवले तरी फारसा वेळ जात नाही. कॅप्चा (वापरणारा माणूसच आहे ना, हे तपासणारी चाचणी) आल्यास फ्लो थांबवावा, त्याला बगल देण्याच्या वाटा शोधू नयेत. 429 हा एरर कोड दिसू लागला, तर विनंत्या फार वेगाने जात आहेत असे समजून दोन शोधांमधले अंतर वाढवावे.

दुरुस्तीनंतरचे दोन आठवडे साधनाच्या नोंदी वेगळ्या रकान्यात घ्याव्यात आणि त्यांतल्या कोणत्याही दहा ओळी रोज हाताने पडताळाव्यात. ‘तपासावे’ असा शेरा रोज एक-दोन ओळींवर येत असेल, तर काळजीचे कारण नाही. तो एकाएकी वीस ओळींवर आला, तर पोर्टलच्या पानाची रचना बदलली आहे का, हे आधी पाहावे.