बिली बॉस्टन पैशाच्या मोहाने लीगकडे गेला का?

बिली बॉस्टन, वेल्सचा एवढा मोठा रग्बीपटू, वेल्सच्या युनियन संघातून एकदाही खेळला नाही, तो पैशाच्या मोहाने लीगकडे गेला म्हणूनच ना, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे.

रग्बीचे प्रकार दोन: युनियनमध्ये पंधरा खेळाडू, लीगमध्ये तेरा. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब युनियनपासून वेगळे झाले आणि त्यातून लीग उभी राहिली, कारण सामन्यासाठी खाणी-गिरण्यांत खाडा करणाऱ्यांना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला युनियनवाले तयार नव्हते. पुढची शंभर वर्षं लीगशी करार करणाऱ्याला युनियनची दारं बंद.

बॉस्टनचा जन्म १९३४ चा, कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतला. वडील सिएरा लिओनचे. १९५३ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या विगन या लीग क्लबची माणसं घरी आली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, लष्करी सेवेत होता. त्यांनी टेबलावर रोख नोटा मांडल्या. आईने तीन हजार पाउंड मागितले, आकडा ऐकून पाहुणे काढता पाय घेतील म्हणून. ते लगेच तयार झाले!

म्हणजे पैसा होताच. पण पोराचं स्वप्न कार्डिफकडून आणि वेल्सकडून खेळायचं होतं, आणि घराजवळच्या कार्डिफ क्लबने त्याला कधी बोलावलंच नाही. वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. क्लाइव्ह सलिव्हनही कार्डिफचाच, तोही उत्तरेला गेला आणि १९७२ मध्ये कर्णधार म्हणून ब्रिटनला लीगचा विश्वचषक जिंकून दिला. कॉलिन डिक्सनही त्याच वाटेने गेला. एकाच शहरातली इतकी पोरं निव्वळ लोभी निघाली, हे मला तरी पटत नाही.

लीगही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. १९५७ च्या लीग विश्वचषकानंतर ब्रिटनचा संघ परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेत सामने खेळला. तिथल्या वर्णभेदापुढे मान तुकवून बॉस्टनला वगळलं. तो एकटा घरी परतला.

खेळाबद्दल काय सांगू! बॉस्टन विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा. विंगर म्हणजे चपळ, सडपातळ अशी आपली कल्पना. हा गडी वेगवान तर होताच, शिवाय अंगाने दांडगा. पकडायला आलेल्याला एक हुलकावणी, नाहीतर मोकळ्या हाताचा सरळ धक्का. १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर एकोणीस वर्षांचा असताना १८ सामन्यांत ३६ ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय). विगनकडून ४८८ सामन्यांत ४७८. एकूण ५७१, त्याच्या पुढे फक्त ऑस्ट्रेलियाचा ब्रायन बेव्हन.

जून २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्याला 'सर' किताब मिळाला. लीगच्या खेळाडूला हा मान मिळाला तो पहिल्यांदाच, १३० वर्षांत. वेल्सच्या युनियनचे गॅरेथ एडवर्ड्स २०१५ मध्येच 'सर' झाले होते.