फिनलंडचा कमी माहीत असलेला, उदास पण रडका नसलेला प्रोग्रेसिव्ह फोक अल्बम कोणता?

तुमच्या तीन अटी आहेत: बँड फिनलंडचा हवा, फारसा कुणाच्या ऐकण्यात नसलेला हवा, आणि अल्बम उदास असला तरी रडका नको. फिनिश भाषा येत नसताना हाती काही लागेल का, हेही तुम्ही विचारलंय. माझं उत्तर आहे तेन्ही या बँडचा १९९९ मधला 'काउआन' हा अल्बम. आणि हो, भाषा न येता तो पूर्ण पोचतो.

शोधताना एक घोटाळा होतो, तो आधीच सांगतो. 'काउआन' याच नावाचा एक वेगळा बँडही आहे. तो रशियात सुरू झाला, गातो मात्र फिनिशमध्ये आणि तोही असंच संथ, धूसर संगीत करतो. त्यामुळे नुसतं अल्बमचं नाव टाकलंत तर बहुतेक तोच समोर येईल. बँडच्या नावाने शोधा: टी, ई, एन, एच, आय.

तेन्ही १९९६ मध्ये तुको सारिक्को याने सुरू केला. थोड्याच काळात इल्का साल्मिनेन येऊन मिळाला आणि पुढे इल्मारी इस्साकाइनेन. १९९८ मध्ये जर्मनीतल्या प्रोफेसी प्रॉडक्शन्स या रेकॉर्ड कंपनीने त्यांची 'हाल्लावेदेत' ही छोटी रेकॉर्ड काढली, आणि पुढच्या वर्षी 'काउआन'. तो काळ लक्षात घ्या. फिनलंडचं नाव तेव्हा जगात मेटलमुळे गाजत होतं. आमोर्फिससारख्या बँडने १९९४ मध्ये 'कालेवाला' या महाकाव्यातल्या ओळी घेऊन विजेच्या गिटारचा गडगडाट केला होता आणि तो खूप लोकांपर्यंत पोचला. त्याच वेळी ही मंडळी अकूस्टिक गिटार, वायोलिन आणि बासरी घेऊन जवळजवळ कुजबुजत होती. त्यांना पहिले श्रोते मिळाले ते बरेचसे मेटलवाल्यांमधलेच, आणि आजही त्यांचं नाव त्या वर्तुळाबाहेर फारसं गेलेलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याला मेटल अजिबात सोसत नाही अशा माणसालाही हा अल्बम जवळचा वाटू शकतो.

आता 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाबद्दल. सत्तरच्या दशकातला फिनिश प्रोग म्हणजे विगवॅम हा बँड आणि लव्ह रेकॉर्ड्स ही कंपनी यांचा जमाना: कीबोर्डवर धावणारी बोटं, जॅझचे वळसे, मध्येच बदलणारे ताल. ते डोक्यात ठेवून 'काउआन' लावलात तर पहिल्या दहा मिनिटांत वाटेल की इथे काही घडतच नाही. इथलं 'प्रोग्रेसिव्ह' रचनेत आहे. गिटारचा एक छोटा तुकडा सुरू होतो आणि तोच पुन्हा पुन्हा येत राहतो. त्याखाली बास स्वतःची वेगळी चाल चालवतो. ड्रम आहेत, पण झांजांचा खणखणाट कमी आणि खालचे, जाड, ढोलासारखे नाद जास्त. मग कुठून तरी वायोलिनचा एक लांब सूर येतो, थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो. एकेक थर इतका सावकाश चढतो की तो कधी चढला हे मागाहून ध्यानात येतं. आणि आपण ज्या स्फोटाची वाट बघत असतो तो बहुतेक वेळा येतच नाही. गाणं जिथे होतं त्याच्या जवळपासच संपतं. अल्बम रडका न वाटण्याचं मुख्य कारण माझ्या मते हेच. रडक्या संगीतात आवाज चढत जातो, तंतुवाद्यं दाटून येतात, आता डोळे पुसा अशी सूचनाच मिळते. सारिक्को खर्जात गातो आणि शेवटपर्यंत खर्जातच राहतो. काही ओळींत तर तो गातोय की नुसता बोलतोय हेही सांगता येत नाही. तो श्रोत्याकडे काहीच मागत नाही.

गाण्यांची नावं वाचली तरी अल्बम कशाभोवती फिरतो ते दिसतं. पहिलं गाणं 'नॅकिन लाउलू', म्हणजे नॅक्कीचं गाणं. नॅक्की हे फिनिश लोककथांमधलं पाण्यातलं भूत. काठावर एकट्या खेळणाऱ्या पोरांना ते खोल ओढून नेतं असं सांगून मोठी माणसं त्यांना पाण्यापासून लांब ठेवत. पुढे 'हाल्लावेदेत' नावाच्याच गाण्यात हिव पडलेलं पाणी आहे, 'सोउतो'मध्ये वल्हवणं आहे, मध्ये 'रेवोन्तुलेत' म्हणजे उत्तरेचे प्रकाश आहेत, आणि शेवटी 'ताइवाल', म्हणजे लांबची वाट. ज्या देशात लहानमोठी मिळून १,८७,००० हून जास्त तळी आहेत, तिथे पाणी हा सजावटीचा विषय उरत नाही. मासे, प्रवास, बुडून मरणं, सगळं त्यातच होतं.

इथे थोडं मागे जातो, कारण तुम्ही 'फोक' शब्द वापरलाय आणि मला या अल्बममधली सर्वांत मोलाची गोष्ट तिथेच दिसते. फिनलंड आणि त्याच्या पूर्वेला लागून असलेल्या कारेलियातली जुनी लोकगीतं एका ठरावीक छंदात असत: ओळीत साधारण आठ अक्षरं, यमक नाही, त्याऐवजी एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द. चाल बहुतेक पाचच स्वरांत फिरायची, ताल पुष्कळदा पाच मात्रांचा. तेवढीशी चाल शेकडो ओळी चालायची. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या एकाच चालीत पहाटभर चालायच्या, तसंच. लारिन पारास्के नावाच्या एका गरीब बाईकडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ ३२,००० ओळी उतरवून घेतल्या गेल्या. फिनलंडचा प्रसिद्ध संगीतकार सिबेलियस याने तरुणपणी तिचं गाणं समोर बसून ऐकलं होतं. एलियास ल्योनरोतने अशाच गीतांमधून आधी 'कालेवाला' आणि मग १८४० मध्ये 'कान्तेलेतार' हा भावगीतांचा संग्रह तयार केला. कान्तेले हे तिथलं तारांचं वाद्य. महाकाव्यात त्याचा नायक, म्हातारा व्हॅइनॅमॉइनेन, ते एका प्रचंड माशाच्या जबड्यापासून बनवतो. 'कान्तेलेतार'च्या सुरुवातीचं गीत मात्र ही कथा साफ नाकारतं. ते म्हणतं, हे वाद्य दुःखातून घडलंय, त्याचा सांगाडा कठीण दिवसांचा आहे आणि तारा यातनांच्या.

तेन्ही ही जुनी गाणी गात नाहीत; बोल आणि चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत. पण लहानशा चालीवर विश्वास ठेवून तिथेच टिकून राहायची रीत तीच आहे. पुनरावृत्तीने दुःखाचं टोक बोथट होतं आणि ते सोबत वागवता येईल असं होतं. ओवी गाणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला लागलं नसेल.

एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे 'तिथे अंधार असतो म्हणून संगीत उदास' हे झटपट स्पष्टीकरण. डिसेंबरच्या मध्यावर हेलसिंकीत दिवस सहा तासांचाही नसतो, हे खरं. पण फिनिश लोकांचं सर्वांत लाडकं उदास संगीत म्हणजे त्यांचा टँगो, बहुतेक मायनर म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांमधला, आणि तो रंगतो ऐन उन्हाळ्यात, तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवांत, रात्री दहालाही उजेड असताना. सेइनायोकीचा मोठा टँगो महोत्सव जुलैत भरतो. तिथले लोक मायनरमधली चाल लागली की जोडीने नाचायला उठतात. उदासपणा तिथे चारचौघांत वागवायची, सवयीची गोष्ट आहे. 'काउआन' ऐकताना जो निवांतपणा जाणवतो, तो मला याच सवयीतून आलेला वाटतो.

भाषेचं म्हणाल तर फिनिशमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. त्यामुळे प्रत्येक शब्द वरून सुरू होऊन खाली उतरतो, आणि सारिक्कोच्या सावकाश गाण्यात ओळच्या ओळ अशी उतरताना ऐकू येते. जोड व्यंजनं आणि दीर्घ स्वर आपल्या कानाला अनोळखी नाहीत, त्यामुळे दोन-तीनदा ऐकल्यावर शब्द सुटे होऊ लागतात. भाषांतर शोधायची घाई करू नका. आधी अल्बम सलग, हेडफोन लावून, आवाज कमी ठेवून ऐका. काम करताना मागे लावून ठेवलात तर तो तुमच्या हातून निसटेल; यातल्या अर्ध्या गोष्टी इतक्या हळू आहेत की पंख्याच्या आवाजातही बुडतात.

'काउआन' आवडला तर पुढे 'वॅरे' (२००२) आणि 'माआऍत' (२००६). 'माआऍत' जास्त भरीव आहे आणि अनेकांच्या मते तोच त्यांचा सर्वोत्तम. मला मात्र पहिल्या अल्बममधली मोकळी जागा जास्त प्रिय आहे. 'आइरुत:आमुयेन' जरा निराळा. तो २००४ मध्ये आधी हार्मा या नावाने आला आणि २००६ मध्ये तेन्हीच्या नावाने पुन्हा निघाला. त्यात गिटारऐवजी पियानो आहे, जोडीला बास आणि ड्रम. गिटारच्या त्याच त्या फेऱ्यांनी कंटाळलात तर मध्ये हा ऐका. त्यांच्या रेकॉर्डवर मोरचंग, डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातलं लांब फुंकवाद्य आणि आपली पेटी म्हणजे हार्मोनियमही भेटते. पेटीचं नवल वाटू देऊ नका. फिनलंडच्या खेड्यांतही हार्मोनियम रुजली होती आणि काउस्तिनेन गावचे फिडलवाले तिची साथ घेत आलेत.

आणि उदासी जरा हलकी हवी असेल तर सत्तरच्या दशकातला पिहासोइत्तायात हा बँड ऐका. त्यांचा 'कोन्ताक्तिस्सा' १९७२ चा. मंडळी पुढे १९७५ मध्ये युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेलाही गेली. त्यांच्यात ऊन जास्त आहे.

तेन्हीचा 'साइवो' २०११ मध्ये आला आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये 'वाल्कामा'. हे दोन शेवटी ठेवा, विशेषतः 'वाल्कामा'. मधल्या बारा वर्षांत सारिक्कोचा आवाज आणखी खाली गेलाय, आणि तो फरक कळायला १९९९ चा आवाज आधी कानात बसलेला हवा.