कंसातलं वाक्य

प्रश्न : ताई, आम्ही एकवीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी सोळा वर्षांची. लहानपणापासून शनिवारी मंदिरातला बालवर्ग, रविवारी मराठी शाळा, गणपतीत अथर्वशीर्ष, सगळं हौसेनं करायची. जानेवारीपासून मात्र मंदिराचं नाव काढलं की चिडते, दार लावून घेते. शाळेतून आली की झोपते आणि रात्री दोनपर्यंत जागी असते. मार्क घसरलेत. एप्रिलमध्ये जबरदस्तीनं नेलं, तर परतताना गाडीत म्हणाली, “आई, तिथे मी फक्त ॲक्टिंग करते.” सासूबाई साताऱ्याहून सांगतात, देवाकडे पाठ फिरवली की असंच होतं, नवस बोला. आमचे हे मंडळाच्या कमिटीवर आहेत. धार्मिक मुलांना नैराश्य कमी येतं असा इथलाच एक अभ्यास त्यांनी मला दाखवला. त्यांचं म्हणणं, तिला न्यायलाच हवं. शेजारची कोरियन मुलगी दर रविवारी चर्चला जाते, किती हसतमुख आहे! (आमची ढोल-ताशा पथकातही होती, पण अभ्यास वाढला म्हणून गेल्या सप्टेंबरपासून आम्ही ते बंद केलं.) तिला मंदिरात नेऊ की नको?
— एक आई

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसातल्या वाक्याशी अडखळले. त्याच्याकडे येतेच, पण आधी तातडीचं.

दुपारची झोप, रात्रीचं जागरण, घसरलेले मार्क, चिडचिड, आणि हे सगळं कित्येक महिने. नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडवेला चेहरा येतो. या वयात ते पुष्कळदा तिरसटपणाच्या रूपात येतं, म्हणून आईबापांना तो उर्मटपणा वाटतो. अशी लक्षणं दोन आठवडे टिकली तरी डॉक्टर दखल घेतात. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदानही करणार नाही. पण तिच्या पीडियाट्रिशियनची वेळ याच आठवड्यात घ्या. अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या मुलांना वार्षिक तपासणीत नैराश्याची प्रश्नावली द्यावी, अशी शिफारस आहे. तुमच्या लेकीनंही ती भरली असेल. त्या वेळी तुम्ही शेजारच्या खुर्चीत होतात का? असाल, तर तिनं सगळीकडे ‘अजिबात नाही’वरच खूण केली असेल. कमिटी मेंबरची मुलगी आईसमोर दुसरं काय लिहिणार? या वेळी डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा आणि परतताना “काय काय विचारलं गं?” असं खोदू नका.

आणखी एक, जड आहे, पण करा. तिला सरळ विचारा, “जगू नये असं कधी वाटतं का तुला?” विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरत नाही, हे तज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. उत्तर ‘हो’ आलं किंवा नुसतीच मान खाली गेली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. तिला एकटीला सोडू नका. 988 या अमेरिकेतल्या संकटकालीन हेल्पलाइनवर दिवसरात्र फोन करता येतो, मेसेजही. मुलांना मेसेज सोपा जातो, तो नंबर तिच्या फोनमध्ये असू दे. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416.)

आता तुमच्या मिस्टरांचा अभ्यास. वर्णनावरून तो 2019मध्ये अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात आलेला असावा. चांगला अभ्यास आहे, मी त्याला नाकं मुरडणार नाही. 1994-95मध्ये अमेरिकेतल्या सातवी ते बारावीच्या मुलांची एक प्रचंड पाहणी सुरू झाली, त्या माहितीवर तो बेतलेला आहे. धार्मिकतेमुळे नैराश्य कमी होतं, जी मुलं जास्त खचलेली असतात त्यांना अधिक आधार मिळतो आणि हा आधार शाळेतल्या उपक्रमांतून किंवा मैत्रीतून तशाच रीतीनं मिळत नाही, असं त्यात निघालं. त्यामुळे “सोडा हो ते देवबिव” असं मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही.

पण तिथे धार्मिकता म्हणजे काय धरलंय ते त्यांना वाचायला सांगा. मूल स्वतः किती प्रार्थना करतं, धर्म त्याला किती महत्त्वाचा वाटतो, प्रार्थनेला आणि तरुणांच्या गटाला किती जातं, असे प्रश्न आहेत. गाडीत बसवून नेलेल्या शनिवारांचा हिशेब त्यात नाही. शिवाय उत्तरं देणारी बहुतेक मुलं ख्रिस्ती घरांतली.

याच पाहणीवर 2008मध्येही एक अभ्यास झाला होता. त्यात गोरी, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई मुलं वेगवेगळी पाहिली, तेव्हा धर्माचा परिणाम सगळ्यांवर सारखा दिसला नाही. लॅटिनो आणि आशियाई मुलांपैकी काहींमध्ये तर धार्मिक सहभाग जास्त तिथे नैराश्यही जास्त. अभ्यासकांनी याचं कारण सुचवलं ते असं : स्थलांतरितांच्या घरात देवाबरोबर भाषा, रीतभात, मान, मोठ्यांच्या अपेक्षा हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून येतं. बाहेरचं जग दुसरंच काही मागत असतं. दोन्हीकडे पुरं पडताना पोर थकतं. त्या आशियाई मुलांत फिलिपिनो होती, चिनी होती, मराठी किती असतील कोण जाणे. तरी हे गाठोडं तुमच्या ओळखीचं आहे, हो ना?

‘ॲक्टिंग’ हा शब्द मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला असेल. मला वाटतं, जानेवारीपासून तिनं तुम्हाला सांगितलेली ही सगळ्यांत खरी गोष्ट आहे. मंदिरात ती कोण असते? अमक्यांची मुलगी. आरती संपते न संपते तोच प्रसादाच्या रांगेतल्या मावश्या विचारतात, एपीचे (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय किती घेतलेस, कॉलेज कुठलं ठरतंय. मन जड असताना पाऊण तास हसरा चेहरा धरून ठेवणं हे किती दमवणारं काम आहे, ते सासरच्या लग्नकार्यात आपण बायकांनी पुरेपूर केलेलं आहे.

सासूबाईंना वाटतं देव सोडला म्हणून उदासी आली. क्रम उलटाही असू शकतो. उदासी आली की माणूस माणसांतून उठतो. मग देऊळ सुटतं, फोन उचलणं सुटतं, केस विंचरणंसुद्धा सुटतं. ताप आलेल्या पोरानं ताट सरकवलं तर आपण आधी कपाळाला हात लावून बघतो.

कोरियन मुलीबद्दल दोन शब्द. परक्याचं हसतमुख लेकरू दुरून बघू नये, त्याच्या आईलाही रात्री झोप नसेल. पण तिथून शिकण्यासारखं आहे खरं. अमेरिकेतल्या कोरियन चर्चमधून दुसऱ्या पिढीची मुलं गुपचूप निघून जाऊ लागली, तेव्हा 1990च्या दशकात त्याला ‘मूक निर्गमन’ असं नावच पडलं. मग अनेक चर्चनी मुलांसाठी इंग्रजीतून वेगळ्या सभा चालवल्या, त्यांचे पुढारी तरुण ठेवले. मंडळाच्या कमिटीवर असलेल्या गृहस्थांना मुलीला ओढत नेण्यापेक्षा या कामात पुष्कळ वाव आहे. सोळा वर्षांच्या मुलीला ‘देव आहे कशावरून’ हे विचारता येईल अशी एक तरी सतरंजी त्या मंदिरात आहे का, एवढं त्यांनी बघावं.

आता तो कंस. पथक तुम्ही बंद केलंत, बालवर्ग मात्र चालू ठेवलात. कारण ढोल म्हणजे टाइमपास आणि अथर्वशीर्ष म्हणजे संस्कार. अभ्यासाला वेळ हवाच होता, तर निवड तिला का करू दिली नाहीत? कमरेला ढोल बांधून, एका हातात टोल आणि दुसऱ्यात टिपरू घेऊन, घामाघूम होत तीस-चाळीस जणांच्या ठेक्यात ठेका मिसळणं हीसुद्धा गणपतीचीच सेवा आहे. तिथे कुणी तिला कॉलेजचं विचारत नव्हतं, त्या आवाजात ऐकूच आलं नसतं. सप्टेंबरात पथक सुटलं आणि जानेवारीत तिनं दार लावून घेतलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, नैराश्याला एकच कारण क्वचितच असतं. पण तिला जिथे ॲक्टिंग करावी लागत नव्हती, ती जागा काढून घेतली गेली, आणि चुकलं एवढं तिला सांगा. स्पष्टीकरण जोडू नका. “तुझ्या भल्यासाठीच” हे शब्द तर अजिबात नकोत. पथकात परत जायला ती लगेच उडी मारेल असंही धरून चालू नका. या आजारात आवडीचंही नकोसं होतं. दोस्तांपैकी कुणी घरी यायला तयार असेल तर येऊ द्या, तेवढं पुरे.

थोडक्यात, तूर्त नेऊ नका. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत, हवं तर गणपतीपर्यंत, मंदिर हा विषय तुमच्याकडून बंद. तुम्ही जा, घरी दिवा लावा, प्रसाद तिच्यासाठी टेबलावर ठेवा. तिनं खाल्ला का ते बघायला जाऊ नका. ओळखीच्यांनी विचारलं तर “आज नाही आली” एवढंच सांगा. परीक्षा आहे, पाय मुरगळलाय, अशा थापा मारू नका. नाहीतर पुढच्या वेळी तिला त्यांचीही ॲक्टिंग करावी लागेल. डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं तर सुरू करा. गोळ्या सुचवल्या तर घाबरून नाही म्हणू नका, सुरुवातीच्या आठवड्यांत कशावर लक्ष ठेवायचं ते मात्र नीट विचारून घ्या.

राहिल्या सासूबाई. त्यांना नवस बोलायचाय तर खुशाल बोलू द्या, साताऱ्यात बसून त्यांच्या हातात तेवढंच आहे बिचाऱ्यांच्या. नातीला व्हिडिओ कॉलवर “देवाला विसरलीस ना” म्हणू नका, एवढं मात्र मिस्टरांनी त्यांना सांगावं. तुम्ही नव्हे, त्यांनीच.