दहाव्या वचनाआधी पाचवं वाच

प्रिय पोरा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज मिळाला, दोनदा वाचला. फोनवर बोललो असतो पण तू ऐकून घेतोस, हो काका हो काका म्हणतोस आणि फोन ठेवलास की विसरतोस, म्हणून लिहून पाठवतोय, सावकाश वाच.

तू विचारलंयस की काका, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देतोय, उपास धरतोय, बुधवारची प्रार्थनासभा चुकवत नाही, त्या मोबाईलवर प्रवचन करणाऱ्या सेवकाला "बीज" म्हणून पाच हजार पण पाठवले, तरी बेदाण्याचा धंदा काय वर येईना, मग माझा विश्वास कमी पडतोय का. मला विचारशील तर तुझ्या विश्वासाला काही धाड भरलेली नाही. आधी त्या पाच हजारांचं बोलू, ते एकदा निपटलं की पुढचं बोलता येईल. पाच पेरा पन्नास उगवतील हे जे तुला सांगितलं ना, त्याला आमच्या मार्केट यार्डात सौदा म्हणतात, आणि सौद्याचं मला थोडंफार कळतं, उभी हयात अडत दुकानात दिवाणजी म्हणून घालवलीये. सौद्यात दोघांनाही काहीतरी पाहिजे असतं. देवाला आपल्याकडून काय विकत घ्यायचंय सांग बघू? बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात तो शिमोन जादूगार पैसे घेऊन प्रभूचा शिष्य पेत्र याच्याकडे आला होता, पवित्र आत्म्याचं दान विकत घ्यायला, पेत्रानं त्याला जे सुनावलं ते एकदा काढून वाच. गेले ते पाच हजार, परत मागायच्या भानगडीत पडू नकोस, पण पुढचा रुपया तिकडं जाता कामा नये.

आता बायबलातलं मलाखीचं पुस्तक. तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन तुला तोंडपाठ असणार, सगळा दशांश भांडारात आणा, मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही बघा. चांगलं वचन आहे, खरं आहे. पण त्याच अध्यायात पाच वचनं वर सरक, पाचव्या वचनात देव म्हणतोय की मी न्याय करायला येईन आणि कोणाविरुद्ध साक्ष देईन, तर जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्याच रांगेत मजुराची मजुरी अडवून धरणारे, विधवा आणि अनाथाला नाडणारे. म्हणजे खिडक्या उघडायच्या गोष्टी त्यानंतर येतात. ते व्हिडिओवाले दहावं वचन मोठ्यानं वाचतात आणि पाचव्यावरनं गाडी भरधाव घालतात, कारण पाचव्या वचनावर कोण गूगल पे करणार!

हे मी तुला का सांगतोय ते तुला कळलं असेल. तुझ्याकडं पॅकिंगला ज्या बायका येतात, त्यातल्या एकीनं रविवारी चर्चच्या पायरीवर मला सहज बोलता बोलता सांगितलं की दोन आठवडे झाले, दादा म्हणतात पुण्याचं पेमेंट आलं की देतो. तक्रार म्हणून नाही सांगितलं हां तिनं, उलट दादांचा पण धंदा नवीन आहे म्हणाली. तिला जाब विचारायला जाऊ नकोस. पण पुण्याचा व्यापारी पेमेंट देईना ही तुझी अडचण आहे, तिची नाही, तिनं बॉक्स भरून दिले तिथं तिचं काम संपलं. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तर रात्रभरसुद्धा मजुरी ठेवून घेऊ नको म्हटलंय. तुझ्या दशांशाची पाकिटं वेळेवर येतात हे मी स्वतः बघतो, पाकिटावर तुझं अक्षर ओळखतो, पण त्या पाकिटात तिचे पैसे तर नाहीत ना हे तुलाच बघावं लागेल, बाहेरनं कोणाला कळायचं नाही.

योसेफाची गोष्ट संडे स्कूलपासून ऐकतोयस, रंगीत झगा, स्वप्नं, खड्ड्यात टाकून विकणारे भाऊ, सगळं. पण उत्पत्तीचा एकोणचाळिसावा अध्याय आता धंदेवाल्याच्या डोळ्यांनी वाच. सुरुवातीला लिहिलंय की परमेश्वर योसेफाबरोबर होता म्हणून तो यशस्वी झाला, आणि हे कधी लिहिलंय तर तो मिसरात, म्हणजे इजिप्तात, राजाचा अधिकारी पोटीफर याच्या घरी गुलाम असताना, अंगावरचा कपडासुद्धा मालकाचा! आणि अध्याय संपतो तेव्हा तो खोट्या आरोपात तुरुंगात आहे आणि तिथं पुन्हा तेच, परमेश्वर त्याच्याबरोबर होता, तो जे काही करी त्याला यश येई. घरात तेच आणि तुरुंगात तेच. आपण काय करतो, राजवाडा मिळाला की त्याला आशीर्वाद म्हणतो आणि मधली वर्षं गाळून टाकतो. त्याला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा, मिसरच्या राजापुढं, फारोपुढं, उभा राहिला तेव्हा तीस, म्हणजे मधे तेरा वर्षं गेली, आणि त्या तेरा वर्षांत त्याच्याकडं काय होतं तर दुसऱ्यांचं सामान. पोटीफराचं घर, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचे कैदी. दुसऱ्याचं सांभाळता सांभाळता तो तयार झाला, आणि पोटीफरानं त्याच्या हातात सगळं सोपवून दिलं, जेवायच्या अन्नापलीकडं स्वतः कशात लक्ष घातलं नाही असं लिहिलंय. एवढा भरवसा बसायला काय लागतं ते आडतीत काम केलेल्या माणसाला विचार.

आणि हेही ऐकून ठेव, प्रामाणिकपणाचं लगेच बक्षीस मिळतं असं मी तुला सांगणार नाही, कोणी सांगितलं तर त्यालाही मोबाईलवाल्याच्याच पंगतीत बसव. पोटीफराची बायको मागं लागली तेव्हा योसेफ तिला नाही म्हणाला आणि त्याबद्दल त्याला जेल मिळाली. तुलाही नुकसान होईल, पहिल्या सीझनला तर होईलच.

बेदाण्याचंच घे. चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा कुठं किलोभर बेदाणा हातात येतो, डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, शेडमध्ये जाळीवर पसरून, पाऊस येतो की काय म्हणून जीव मुठीत धरून शेतकरी ते पंधरा दिवस काढतो. मग तासगावला नाहीतर आपल्या सांगलीला सौद्यात माल येतो आणि तिथं बॉक्स उघडला की जाणकार माणूस वरचा थर बघतच नाही. तो सरळ हात आत घालतो, कोपरापर्यंत, तळातली मूठ काढतो आणि तळहातावर पसरून बघतो, हिरवा आहे का काळपट, देठं किती, दाणा चिकट लागतोय का. वर एक आणि खाली एक निघालं की काही बोलत नाही हां, भांडत पण नाही, हात झटकून पुढच्या बॉक्सकडं जातो, आणि पुढच्या सौद्याला त्या शेतकऱ्याच्या मालाला बोली कमी लागते, त्यापुढच्या वर्षी सुद्धा. तू तर रिटेल पाकिटं करतोस, पारदर्शक खिडकीचं पाकीट, खिडकीसमोर कोणता माल लावतोस आणि मागं कोणता, मला माहीत नाही, मी बघायला आलो नाही. नीतिसूत्रांत खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे म्हणतात, तिथं पाकिटाची खिडकी पण धरायची.

2019 च्या ऑगस्टमध्ये तू कॉलेजात होतास, सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळीकडं दुकानं बुडाली. पाणी उतरल्यावर एकाच गल्लीतली दोन दुकानं मी बघितली, दोघांचाही माल चिखलात गेलेला, विमा दोघांचा नाही. एकाकडं आठवड्याच्या आत कोल्हापूरचे, इचलकरंजीचे व्यापारी स्वतः गाडी घेऊन आले, माल उतरवला, सावकाश द्या म्हणाले. दुसऱ्याचा फोन उचलायला कोणी नव्हतं, कारण आधीच्या कितीतरी बिलांत त्यानं काहीतरी खुसपट काढून पैसे कापले होते. पहिला माणूस आपल्यातला नाही, ख्रिस्ती नाही, विठ्ठलाची माळ आहे गळ्यात. म्हणून सांगतो, आपण रविवारी उपासनेला बसतो म्हणून गावात आपली पत वाढते अशा भ्रमात राहू नकोस, उलट तुझ्याकडं लोक जास्त बारकाईनं बघणार.

तू मेसेजमध्ये लिहिलंयस की ख्रिस्ती माणसानं गरीबच राहायचं का. असं कोण म्हणालं? योहानाच्या तिसऱ्या पत्रात तो गायसासाठी प्रार्थनाच करतोय की तुझं सगळं सुस्थितीत चालावं, तब्येत चांगली असावी, पण कसं, तर जसं तुझ्या जिवाचं चाललंय तसं. जीव पुढं आणि बाकीचं त्याच्या मागं. आपल्याच भागात बघ ना. डॉ. वानलेस 1889 ला कॅनडाकडचा तरुण डॉक्टर म्हणून इकडं आला, सांगलीत दवाखाना काढला, मग 1894 ला मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हापासून कर्नाटकातनं कोकणातनं लोक गाड्या जुंपून यायचे. आज मिरजेत पावलापावलाला डॉक्टर आणि मेडिकल आहे, कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात, त्याची मुळं तिथं आहेत. वानलेसवाडीवरनं तू रोज गाडी मारत जातोस, नावाकडं कधी लक्ष गेलं का? ह्यालाही समृद्धीच म्हणायचं, एकाच्या हातातनं निघून सगळ्या गावाच्या ताटात पडलेली.

दुसरं टोक साताऱ्याला बघायला मिळतं. ना. वा. टिळक, आपण ज्यांची भजनं म्हणतो ते, 1917 ला मिशनची नोकरी सोडून तिथं देवाचा दरबार काढून बसले, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळ्यांना सोबत घेऊन. माणूस मोठाच, पण पैसा त्यांच्या हातात टिकायचा नाही, कोणी मागितलं की दिलं, आणि घर चालवायचं ते त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, त्यांनी ते सगळं हसत हसत लिहून ठेवलंय. तुझी आजी म्हणायची की टिळक वंदावेत पण संसार लक्ष्मीबाईंचा शिकावा. मला पटतं ते.

म्हणून आता पैशाचं रोखठोक. योसेफानं फारोला सल्ला काय दिला माहितीये ना, सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढ. दशांश सगळ्या पाळकांनी आपल्याला शिकवला, हा पाचवा हिस्सा कोणी शिकवत नाही. तो राजाचा कर होता हे मला कळतं, पण अक्कल घ्यायला काय हरकत आहे, सीझनला शंभर आले तर वीस हातच लावायचे नाहीत. तुझ्याकडं सध्या सुकाळ नाही, म्हणून आधी त्या मोबाईल ॲपचं कर्ज फेड, त्याचं व्याज तू नीट बघितलेलं दिसत नाही. ते फेडायला दुसऱ्या ॲपवरनं काढू नकोस. तुझी ती नवीन बुलेट विकली तर बरंचसं मिटेल, तुला राग येईल, येऊ दे. कर्ज घेणारा धनकोचा दास होतो हे नीतिसूत्रांत आहे आणि रिकव्हरीवाल्याच्या फोनमध्ये पण आहे.

प्रार्थना सोडू नकोस. फक्त थोडे दिवस "प्रभू मला दे" बाजूला ठेव आणि "प्रभू माझ्याकडं कोणाचं काय आहे ते दाखव" एवढंच माग, बघ काय काय आठवायला लागतं. जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू पाहुणा म्हणून आला आणि जक्कय उठून लोकांकडनं अन्यायानं घेतलेलं चौपट परत करायच्या गोष्टी बोलायला लागला, कोणी त्याला सांगितलं नव्हतं, कोणी वर्गणी पण मागितली नव्हती.

ह्या शनिवारी बायकांची मजुरी दे, सगळी, पुण्याचं पेमेंट येवो न येवो. कमी पडली तर माझ्याकडं ये, मी देतो, बिनव्याजी, पण वहीत लिहून घेणार आणि तारीख टाकणार. आणि रविवारी उपासनेनंतर तुझी खरेदी-विक्रीची वही, ॲपचं स्टेटमेंट आणि दोन पाकिटं बेदाणा घेऊन घरी ये, पाकिटं तू निवडून आणू नकोस, त्या पॅकिंगवाल्या मावशींना उचलायला सांग. तुझी काकू मटण करणारे, उशीर करू नकोस.

तुझा,
काका

ता.क. बुलेटचं गिऱ्हाईक माझ्याकडं आहे, पण तुझं ठरल्यावरच त्याला बोलवीन.