वाचकांचे प्रश्न : विमान घ्यावं की भाड्यानं न्यावं?

(उत्तरं देणाऱ्या ताईंची सारी नोकरी मुंबईतल्या चार्टर कंपन्यांत, उड्डाणांचं नियोजन करण्यात गेली.)

प्रश्न : ताई, आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. गिऱ्हाइकं चेन्नई, राजकोट, गुरुग्राम अशी पांगलेली. महिन्याचे आठ-दहा दिवस प्रवासातच जातात. मुंबईच्या एका दलालानं आठ सीटचं वापरलेलं जेट दाखवलंय. आमचे सीए म्हणतात, प्राप्तिकरात विमानावर ४० टक्के घसारा मिळतो, घेऊन टाका. थोरला मुलगा म्हणतो, रिकामं असेल तेव्हा भाड्यानं देऊ, विमान स्वतःचा खर्च स्वतःच काढेल. मन होतंय, पण धीर होत नाही. काय करावं?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : साहेब, आधी त्या दलालाचे फोन पंधरा दिवस घेऊ नका. विमान कुठं पळून जात नाही. गेल्या वर्षीच्या प्रवासाची बिलं काढा आणि प्रत्येक फेरीपुढं लिहा, की स्वतःचं विमान असतं तर ते हवेत किती तास राहिलं असतं. कोल्हापूर ते चेन्नई सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर, राजकोटही जवळपास तेवढंच. दिल्ली साडेतेराशेच्या आसपास. पुणे यात धरूच नका. पुण्याला तुमची गाडीच बरी, शिवाय लोहगावचा तळ हवाई दलाचा, तिथं त्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

महिन्याला तीन फेऱ्या आणि जाऊन-येऊन साडेतीन तास धरले, तरी वर्षाचे सव्वाशे तास होतात. आमच्या धंद्यात ठोकताळा असा, की दोनशे तासांच्या आत असाल तर चार्टर करा. त्याच्या वर गेलात तर मालकीचा हिशोब मांडायला बसा. सव्वाशे तासांसाठी अख्खं विमान पोसायचं म्हणजे ते वर्षाचे साडेआठ हजार तास जमिनीवर उभं, आणि खर्च मात्र उभ्या विमानाचाही चालूच. विमा, हँगर, दरवर्षीचं एआरसी म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र, इंजिनिअर. दोन वैमानिकांवर भागत नाही. एकाची रजा किंवा मेडिकल आलं की विमान अडकलं, म्हणून किमान तिघं लागतात. त्यांना ठरावीक काळानं सिम्युलेटरवर पाठवावं लागतं आणि लहान जेटचं सिम्युलेटर बहुधा परदेशात असतं. मोठं चेक, म्हणजे ठरावीक मुदतीची मोठी तपासणी, लागलं की विमान काही आठवडे हँगरमध्ये, आणि नेमकं तेव्हाच चेन्नईचं गिऱ्हाईक बोलावतं. मग चार्टरच घ्यावं लागतं. एकच विमान असणाऱ्या प्रत्येक मालकाकडं हे घडताना मी पाहिलंय.

घसाऱ्याबद्दल सीएंचं बरोबर आहे. पण घसारा हा झालेल्या खर्चावर मिळतो, आणि तो खर्च तुमच्या खिशातून गेलेला असतो. खरा मुद्दा आयातीच्या कराचा. खासगी वापरासाठी आणलेल्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. चार्टरचा परवाना, म्हणजे एनएसओपी असेल तर कर कितीतरी कमी. इथं दलाल हळूच म्हणेल, "मग एनएसओपीवरच आणू की!" आणा, पण मग ते खरोखर लोकांना भाड्यानं द्यावं लागतं, त्याची कागदोपत्री साक्ष ठेवावी लागते. २००७ मध्ये अशीच सवलत आली तेव्हा पुष्कळांनी परवान्यावर विमानं आणून घरचीच कामं केली. मग कस्टम्सच्या नोटिसा निघाल्या, खटले वर्षानुवर्षं चालले.

आता थोरल्या चिरंजीवांचा मुद्दा. खासगी म्हणून नोंदवलेलं विमान भाड्यानं देता येत नाही. मित्राला "फक्त डिझेलचे पैसे दे" म्हणून दिलं तरी ते भाडंच (विमानात डिझेल नसतं, पण बोलताना सगळे तसंच म्हणतात). उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. सरळ वाट एकच, परवाना असलेल्या एखाद्या ऑपरेटरकडं विमान चालवायला द्यायचं. तसे करार होतात. पण गिऱ्हाइकालाही विमान तुम्हाला हवं त्याच सोमवारी सकाळी हवं असतं. त्यात कोल्हापूरला उभ्या विमानाला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं, तर आधी ते मुंबईपर्यंत रिकामं न्यायचं. रिकाम्या फेरीचं इंधनही लागतंच.

आणि मुंबईला तुमचं विमान तुम्हाला उतरवून तिथंच उभं राहील असं समजू नका. गर्दीच्या तासांत आपल्यासारख्यांना स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळत नाही, पार्किंगची मारामार. पुष्कळदा प्रवासी कालिन्याच्या गेट नंबर ८ मधून बाहेर पडतात आणि विमान लगेच दुसऱ्या गावी मुक्कामाला जातं. उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन टाकून एफआयसी आणि एडीसी, असे दोन नंबर घ्यावे लागतात. पहिला उड्डाण माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाचा. मालक तासभर उशिरा आले की स्लॉट जातो, नंबर पुन्हा मागावे लागतात, आणि तिकडं वैमानिकाचे ड्यूटीचे तास संपत आलेले असतात. "माझंच विमान, माझ्यासाठी थांबेल" हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर हसूही येत नाही.

एक गोष्ट दलाल सांगणार नाही. तुमच्या फेऱ्यांना जेट लागतच नाही. साडेसातशे किलोमीटरला जेट सव्वा तास घेईल आणि किंग एअरसारखं पंख्याचं विमान पावणेदोन. अर्ध्या तासासाठी केवढं इंधन जाळायचं? किंग एअरला धावपट्टीही कमी लागते, लहान गावी उतरता येतं.

कोल्हापूरचं तर मुद्दाम सांगते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे. एप्रिलची दुपार, पारा ३८ वर. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, पंखांना उचल कमी. अशाच एका दुपारी एक कारखानदार परतीच्या प्रवासाला कास्टिंगचे नमुने घेऊन आले. तीन लाकडी खोकी, वजन कुणी सांगितलेलं नाही. कोपायलटनं हातातला लटकता काटा काढला, एकेक खोकं कडी लावून उचललं, आकडे तळहातावर लिहिले आणि कॅप्टनकडं नुसतं पाहिलं. आठ सीट, भरलेली टाकी आणि भरलेलं सामान, ही तिन्ही एकत्र सहसा उडत नाहीत. टाकी आधीच भरलेली. शेवटी कारखानदारांचे दोन मॅनेजर आणि एक खोकं मागं राहिलं, दोघं रात्रीच्या गाडीनं गेले. चिडले खूप. पण कॅप्टन बरोबर होता. तुम्ही लोखंड ओतणारी माणसं, हा प्रसंग तुमच्याकडं दर महिन्याला येणार.

तेव्हा एक वर्ष चार्टर करा, शक्यतो एकाच ऑपरेटरकडं तासांचं पॅकेज बोलून. वर्षाअखेर तासांची बेरीज दोनशेच्या वर गेली तर पुन्हा लिहा. मग वापरलेलं विमान कसं पाहावं ते सांगेन. तोवर त्या दलालाला एकच विचारा : इंजिनाचं पुढचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, किती तासांवर आहे? किंग एअरच्या इंजिनाला साधारण ३,६०० तासांनी ते करावं लागतं आणि ते जवळ आलेलं असलं की विमान स्वस्तात मिळतं.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, बाबांचा व्यवसाय आहे. पायलटचं लायसन्स काढून कंपनीचं जेट मीच उडवलं तर पगार वाचेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाळा, पगार वाचणार नाही, वाढेल. खासगी परवाना म्हणजे पीपीएल ४० तासांच्या उड्डाणावर मिळतो, व्यावसायिक सीपीएलला २०० तास लागतात. पण त्यानं जेट हातात येत नाही. त्या जातीच्या विमानाचं वेगळं रेटिंग लागतं, ढगातून उडायला इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं आणि विमा कंपनी तुझे उडवलेले तास मोजते, म्हणजे अनुभवी वैमानिक तरीही ठेवावे लागतील. शिकायचं तर जरूर शीक, छान छंद आहे. मात्र बाबांची मीटिंग दुपारी दोनला आणि समोर पावसाळी ढग, अशा वेळी डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बाबांचा मुलगा असू नये. त्यांना "नाही" म्हणणं तुला जड जाईल.

प्रश्न : पुण्याच्या एका कंपनीत मी एमडींची सेक्रेटरी आहे. चार्टर बुक करताना नेमकं काय विचारायचं?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : ताई, भाव सर्वांत शेवटी विचारा. आधी एनएसओपीची प्रत मागवा आणि विमानाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे व्हीटी पासून सुरू होणारा, त्या परवान्यात आहे का ते पाहा. ऐनवेळी "ते विमान बिघडलं, मित्राचं पाठवतो" म्हणाले, तर नव्या विमानासाठीही हेच. प्रवाशांच्या विम्याची प्रत मागा. दोन्ही वैमानिकांची नावं आधी कळवायला सांगा. कोटेशनमध्ये रिकामी फेरी, रात्रीचा मुक्काम, पार्किंग आणि जीएसटी धरलेत का ते लेखी घ्या. नंतरचे वाद बहुतेक इथंच होतात.

पावसाळ्यात साहेबांच्या डायरीत उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळचं काही ठेवू नका. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत जोरदार पावसात विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट धावपट्टीवरून घसरून मोडलं. आतले आठही जण जखमी झाले, पण वाचले. कॅप्टन म्हणाला "गोव्याला उतरू", तर गोव्यात गाडी बुक करायची आणि साहेबांना कॅप्टनशी फोन जोडून द्यायचा नाही.