दोघंही पॉझिटिव्ह, मग दोन व्हायरस एकत्र आले तर?

एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशनाला बसलं की हा प्रश्न दोन तऱ्हेने येतो. काहीजण बिनधास्त विचारतात, मॅडम आम्ही दोघंही पॉझिटिव्हच, मग कंडोम कशाला? आणि काहीजण उलट घाबरलेले असतात, की त्यांचा व्हायरस आणि माझा व्हायरस मिळून काहीतरी भलतंच झालं तर?

अशाच एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नवरा वारलेला, शिवणकाम करतात, गोळ्या एकदम वेळेवर, रिपोर्टवर टीएनडी, म्हणजे टेस्टमध्ये व्हायरस सापडलाच नाही. पॉझिटिव्ह लोकांच्या वधूवर मेळाव्यात एक स्थळ जमत आलेलं, ट्रकवर जाणारे गृहस्थ, तेवढ्यात कोणीतरी मोबाईलवर दाखवलं की दोन वेगळे व्हायरस मिळाले की औषध लागूच पडत नाही. ताई म्हणाल्या, "माझं कसंबसं सुरळीत झालंय, परत पहिल्यापासून नको."

आता हे सगळंच खोटं आहे असं नाही. एचआयव्ही स्वतःच्या कॉप्या काढताना सारख्या चुका करतो आणि औषध चालू नसेल तर दिवसाला अब्जावधी नवे व्हायरस तयार होतात, त्यामुळे एकाच माणसाच्या अंगातलेसुद्धा सगळे सारखे नसतात. भारतात बहुतेकांना सी सबटाइपच (एचआयव्हीचा एक उपप्रकार) असतो, पण म्हणून ताईंचा आणि त्यांचा हुबेहूब एकच असेल असं नाही. आधीच लागण असताना दुसऱ्याकडून वेगळा स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचा थोडा वेगळा अवतार, येऊ शकतो, त्याला सुपरइन्फेक्शन म्हणतात, २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका पेशंटची अशी केस छापून आली होती, त्याची औषधं तेव्हा थांबवलेली होती. दोन स्ट्रेन एकाच पेशीत शिरले तर सरमिसळ होऊन तिसराच तयार होऊ शकतो हेही खरंय.

पण सबटाइप बदलला म्हणून गोळी चालत नाही असं काही नसतं हो. आपल्याकडे मिळणारी टीएलडी (तीन औषधं असलेली एकच गोळी) एचआयव्ही-१ च्या वेगवेगळ्या सबटाइपवर चालते. खरी भानगड रेझिस्टन्सची आहे. कधी घेतली कधी सोडली असं केलं की गोळीला न जुमानणारे व्हायरस मागे उरतात आणि वाढतात, मग तोच दुसऱ्याला गेला तर त्याच्याही औषधांचे पर्याय कमी होतात.

म्हणून मी ताईंना एवढंच विचारलं, त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, किती? माहीत नव्हता. पत्रिका मात्र जुळवून झालेली!

ते मी शोधून सांगू शकत नव्हते, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात एकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय सहसा दुसऱ्याला देता येत नाही आणि ते बरोबरच आहे. पुढच्या वेळी दोघं आले, त्यांनी स्वतःच फाइल टेबलावर ठेवली. लोड हजारांत. विचारल्यावर हळूहळू निघालं की क्लीनर बघेल म्हणून बाटली घरीच राहायची, ट्रिपवर गेले की आठ-आठ दिवस गोळी नाही. मग बाटलीचा खुळखुळ आवाज होऊ नये म्हणून आत कापूस घालायचा, मोबाईलला अलार्म लावायचा, लांबची ट्रिप असेल तर आधीच सेंटरला सांगून गोळ्यांची सोय करायची असं सगळं बसून ठरवलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत लोड करायला सांगितला. साखरपुडा त्या रिपोर्टनंतरच, हे ताईंनीच ठरवलं, घरच्यांना कारण काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक.

रिपोर्ट चांगला आला. तसा नसता आला तर डॉक्टरांनी औषध बदलायचा विचार केला असता, आणि तोवर कंडोमशिवाय नाहीच असं मी दोघांसमोर स्पष्ट बोलले होते.

आता दोघांचाही लोड टीएनडी आहे. नियमित गोळ्या घेऊन व्हायरस असा दबलेला असला की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, मग स्ट्रेन कुठलाही असो. तरी बाकीचे गुप्तरोग आणि नको असताना दिवस जाणं यासाठी कंडोम वापरा म्हटलं, तर ताई हसल्या, म्हणाल्या मॅडम, दिवस जाण्याचं मी विचारणारच होते, आम्हाला मूल हवंय. त्यांना लगेच डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाठवलं.