अमायलेजची ॲक्टिव्हिटी टिकवायची असेल तर अमोनियम सल्फेटच

तुमचा प्रश्न असा: बॅसिलस या जीवाणूच्या २०० मिली कल्चरमधल्या (वाढवलेल्या द्रवातल्या) पेशी काढून टाकल्या, उरलेल्या द्रवातलं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) गाळ म्हणून खाली बसवून मिळवायला टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) वापरू, ॲसिटोन की अमोनियम सल्फेट?

मिळालेल्या प्रथिनाचं पुढे काय करणार, त्यावर हे ठरतं. तुम्हाला ॲक्टिव्हिटी, म्हणजे एन्झाइम किती काम करतं ते, मोजायची आहे, म्हणजे टीसीए बाद. त्याने प्रथिनं छान खाली बसतात, पण त्यांची घडी मोडते. असं एन्झाइम पुन्हा कामाला लागेल या आशेवर राहू नका.

अमोनियम सल्फेट घ्या, पण सगळा द्रव एकदम ८० टक्के संपृक्ततेला (द्रवात जास्तीत जास्त जितकं विरघळू शकतं त्याच्या ८० टक्क्यांना) नेऊ नका. आधी १०-१० मिली घेऊन २०, ४०, ६०, ८० टक्के करून बघा, आणि ॲक्टिव्हिटी गाळात आणि वरच्या द्रवात, दोन्हीकडे मोजा. एन्झाइम कुठे खाली येतं ते कळलं की त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर नकोशी प्रथिनं आधीच काढून टाकता येतात. किती अमोनियम सल्फेट घालायचं याचा तक्ता वाचताना तापमान नक्की बघा: ८० टक्क्यांसाठी १०० मिलीला ० अंशावर ५१.६ ग्रॅम लागतं, २५ अंशावर ५६.१. हे मीठ (अमोनियम सल्फेट) बारीक कुटून, बर्फावर, चिमूट-चिमूट घाला. आधीचं विरघळल्याशिवाय पुढचं नाही. फेस येऊ लागला तर ढवळणं हळू करा, फेसात प्रथिनं खराब होतात. हे मीठ पीएच खाली ओढतं, म्हणून बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आधीच घालून ठेवा.

मग गाळ बफरमध्ये विरघळवून डायलिसिस करा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून मीठ बाहेर जाऊ द्या; पिशवी अर्धीच भरा. आत मीठ असल्याने पाणी शिरतं आणि ती टम्म फुगते. बॅसिलसच्या अल्फा-अमायलेजला कॅल्शियम लागतं, त्यामुळे बफरमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए नको, फॉस्फेटही नको. ट्रिस नावाच्या बफरमध्ये थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला. मीठ पूर्ण गेलं नसेल तर प्रथिन मोजण्याची लोरी पद्धत दगा देते, त्याऐवजी ब्रॅडफर्ड पद्धत करा.

ॲसिटोन (उणे २० अंशाचं, द्रवाच्या चौपट) झटपट होतं, थंडी राखली तर काही एन्झाइमं त्यातही टिकतात. गाळ मात्र खडखडीत वाळवू नका, मग तो विरघळता विरघळत नाही.

प्रथिन नुसतं जेलवर (इलेक्ट्रोफोरेसिसने वेगळं करून) बघायचं असेल तेव्हा टीसीए उत्तम. गाळ थंड ॲसिटोनने धुवा. लोडिंग डाय (जेलवर नमुना घालताना मिसळायचा रंग) निळा असायचा तो पिवळा झाला तर आम्ल उरलंय. ट्रिस बेसचा एखादा थेंब टाका, निळा होईल.

एक राहिलं. तुमच्या द्रवात प्रथिन मिलीला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, कल्चरमध्ये बहुतेक असतंच, तर मिठाने ते पुरतं खाली येत नाही. आधी अल्ट्राफिल्ट्रेशनने (प्रथिन अडवणाऱ्या बारीक पडद्यातून पाणी काढून) आटवून घ्या, आणि ॲक्टिव्हिटीचा हिशेब जुळेपर्यंत कुठलाही द्रव फेकू नका.